न पडलेल्या छताचं चित्र

समोरचा माणूस बोलायला लागला की आमचे चित्रकलेचे सर एक डोळा मिटायचे, पेन्सिल धरलेला हात लांब करायचे आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत त्या माणसाचं माप घ्यायचे. डोक्यापासून हनुवटीपर्यंत एवढं, हनुवटीपासून खिशापर्यंत एवढं. माणूस तक्रार सांगू दे, रडू दे, भांडू दे, सरांचं माप चालूच. नवख्याला वाटायचं, हा आपली टिंगल करतोय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. मी नोकरीवर रुजू व्हायला आले होते. जीपच्या धुळीनं केस पांढरे झालेले, हातात पिशवी, आणि स्टाफरूमच्या आत हा उंच, वाळका माणूस माझ्याकडं एक डोळा मिटून बघत उभा. मी घाबरून पदर सावरला.

"बाई, हलू नका," ते म्हणाले. "तुमच्या मागची चौकट वाकडी हाय का तुम्ही वाकड्या उभ्या हाव, ते पाहून राह्यलो."

चौकट वाकडी होती. पुढं माझ्या लक्षात आलं की त्या शाळेत वाकडं काय आहे हे सरांइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

गावाचं नाव सांगत नाही. बदनापूरच्या पुढं, दुधना नदीच्या अंगानं जाणाऱ्या रस्त्यावरचं बऱ्यापैकी मोठं गाव. मी जालन्याहून बदनापूरपर्यंत रेल्वेनं आणि पुढं जीपनं यायची. शाळा पाचवी ते दहावी. दोन खोल्या निजामाच्या काळातल्या, दगडी भिंतींच्या, वर लोखंडी गर्डर आणि गर्डरवर शहाबादी फरशा. बाकीच्या खोल्या नंतरच्या, पत्र्याच्या. मी विज्ञान शिकवायची. सर चित्रकला शिकवायचे आणि उरलेल्या वेळात शाळेत जे जे कुणी करत नाही ते सगळं करायचे. घंटा दुरुस्त करायचे, फुटका रांजण चिकटवायचे, गॅदरिंगचे पडदे रंगवायचे.

मुलांना ते एक गोष्ट कधीच काढू द्यायचे नाहीत. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य आणि खाली झोपडी. कुणी काढलं की सर त्याला कान धरून नाही, हात धरून मैदानात न्यायचे. चारी बाजूंनी सपाट काळं रान. "दाखव," म्हणायचे. "कुठं हायत तुझे डोंगर? मला बी पाहू दे." मुलगा चारीकडं बघायचा. "न्हाईत ना? मंग जे हाय ते काढ. तो खांब काढ. खांबावर बसलेला कावळा काढ. न्हाई तर कावळा उडून गेला तर नुसता खांब काढ, पण पाहून काढ." आमच्या शाळेची मुलं चित्रकलेच्या सरकारी परीक्षेला जालन्याला जायची, तेव्हा बाकीच्या शाळांच्या कागदांवर डोंगर असायचे आणि आमच्या मुलांच्या कागदांवर विजेचे खांब. पण पास व्हायची.

दुसरी सवय भिंतींची. दगडी खोलीच्या भिंतीला गर्डरच्या टोकाखाली एक भेग होती. सर अधूनमधून स्टुलावर चढून भेग जिथं संपते तिथं पेन्सिलीनं बारीक आडवी रेघ ओढायचे. काही महिन्यांनी भेग त्या रेघेच्या खाली आलेली असायची, मग दुसरी रेघ. आम्ही हसायचो. पीटीचे सर म्हणायचे, "काय सर, भिंतीची उंची मोजून राह्यले का? भरतीला पाठवायची का तिला?" हेडमास्तरांना सरांनी अनेकदा दाखवलं. हेडमास्तर अध्यक्षांकडं बोट दाखवायचे. संस्थेचे अध्यक्ष गावातलेच, बोलायला गोड. ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी नक्की." पुढचं वर्ष आलं की पुन्हा पुढचं वर्ष.

आता आम्ही काढलेल्या मालिकेचं सांगते.

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध. रविवारी सकाळी टीव्हीवर उडणाऱ्या, गरगर फिरणाऱ्या वीरपुरुषांच्या मालिका लागायच्या आणि त्या वेळी गावात चिटपाखरू दिसायचं नाही. एका सोमवारी सहावीतल्या एका पोरानं शाळेच्या मुतारीच्या भिंतीवरून उडी मारली. वीरपुरुष येऊन झेलतो का, ते बघायला. वीरपुरुष आला नाही. हात मोडला. सरांनीच त्याला सायकलवर बसवून दवाखान्यात नेलं. स्टाफरूममध्ये बसल्यावर मला म्हणाले, "बाई, ह्या समद्या हिरोंमध्ये एक खोट हाय. पोरगं पडल्यावर येतात. आधी यायला काय होतं?"

"आधी कसं कळणार त्यांना?" मी म्हणाले.

"तेच तर," म्हणाले आणि माझं माप घ्यायला लागले. म्हणजे डोकं चालू झालं होतं.

गावात शकीलभाईंचं केबलचं काम होतं. छपरावर मोठी डिश, खाली खोलीत व्हीसीआर. सगळ्या चॅनलांच्या शेवटी त्यांचं स्वतःचं एक चॅनल होतं. त्यावर पिक्चर, गावातल्या लग्नांच्या कॅसेटी आणि किराणा दुकानांच्या जाहिराती. लग्नसराई संपली की त्यांचा कॅमेरा धूळ खात पडायचा. सर त्यांच्याकडं गेले आणि म्हणाले, आपण मालिका काढू.

"सर, खर्चा?" शकीलभाईंनी विचारलं.

"बिलकुल न्हाई."

"मोटार उडवनी पडंल, आग लगानी पडंल, बिल्डिंग गिरानी पडंल."

"ते समदं मी चित्रात काढतो," सर म्हणाले. "आपल्या मालिकेत एक चित्रकार हाय. डोळे बांधून चित्र काढतो. उद्या जे वाईट घडणार ते त्याच्या चित्रात येतं. हिरो चित्र पाहतो, पळत जातो, अन् घडायच्या आधीच थांबवतो. घडतच न्हाई, तर शूटिंग कशाचं करायचं?"

शकीलभाईंनी कॅमेऱ्यावरची धूळ झटकली. मग म्हणाले, "सर, तुम तो प्रोड्युसर होना था."

अशी आमची मालिका सुरू झाली. हिरोचं नाव बिजलीराव. शकीलभाईंना शेवटी 'मॅन' पाहिजे होतं, पण सर म्हणाले, आपल्याकडं मोठ्या माणसाला राव म्हणतात. बिजलीराव झाले पीटीचे सर, कारण गावात छाती फुगवून चालणारे तेवढेच. गॅदरिंगच्या जुन्या पडद्यातून वहिनींनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, त्यांना पाठीवरचा झगा शिवून दिला. बिजलीरावांची शक्ती विजेवर चालायची. भारनियमन सुरू झालं की ते साधे पीटीचे सर. हे सरांनी मुद्दाम ठेवलं होतं. "म्हंजे खरं वाटतं," म्हणायचे. निवेदन माझं. पडद्यामागून मी गंभीर आवाजात "गावावर पुन्हा एक संकट घोंघावत आहे" असं म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिरले की मुलं मागच्या बाकावरून तेच वाक्य माझ्याच आवाजात म्हणायची.

चित्रकार अर्थात सरच. दोन बांबूंच्या मध्ये मांजरपाटाचं कापड ताणून बांधायचं, डिस्टेंपरचे डबे खाली, आणि सर डोळ्यांवर काळी पट्टी बांधून हातभर लांबीच्या ब्रशनं चित्र काढायचे. पट्टी खरीच असायची. मी एकदा बांधून पाहिली, काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, तीस वर्षं पाह्यलं ते काय डोळ्यातच राह्यलं का? हातात बी उतरलं असंल थोडं."

पहिल्या भागात चित्रात एसटी पुलावरून दुधनेत पडलेली होती. मग बिजलीराव पुलाअलीकडं रस्त्याच्या मधोमध झगा उडवत उभे राहतात आणि हात वर करतात, असा सीन. एसटीला आम्ही काही कळवलेलं नव्हतं. वेळेवर खरीखुरी गाडी आली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. कंडक्टर दारातून ओरडला, "काय झालं वो?"

"काही होऊ नये म्हणून थांबवली," बिजलीराव म्हणाले.

"अहो, पण झालं काय?"

"काहीच न्हाई झालं. जा आता."

गाडीतल्या एका म्हातारीनं खिडकीतून डोकं काढून सांगितलं, "अगं बाई, हे तर शाळेतले पीटीचे मास्तर हायती, काय करून घेतलं ह्यांनी!" ते सगळं शकीलभाईंनी तसंच दाखवलं. गाव आठवडाभर हसत होतं. पण त्या पुलाला कठडा नव्हता, हेही त्या आठवड्यात सगळ्यांच्या बोलण्यात आलं. सरांना हसण्यापेक्षा ते जास्त आवडलं होतं.

पुढं पुढं लोकांना हसता हसता थोडं खरंही वाटायला लागलं. त्याला एक शेळी कारणीभूत झाली. वस्तीवरच्या एका आजीची शेळी हरवली. ती रडत सरांकडं आली, "बाबा, तुला चित्रात दिसतं म्हणं. माझी शेळी कुठं हाय तेवढी काढून दे." सरांनी परोपरीनं सांगितलं की आजी, ते नाटक आहे. ती हलेना. शेवटी सरांनी विचारलं, शेळी कशी होती? कान कसे? शिंग मोडकं का? आजी सांगत गेली आणि सर काढत गेले. कागदावर शेळी उभी राहिली तशी आजी तिच्याकडं बघून आणखीच रडली. मग कागद घेऊन घरोघर हिंडली, "ही पाह्यली का कुणी?" एका पोरानं ओळखली. कापसाच्या जिनिंग गिरणीच्या मागं, सरकीच्या ढिगाकडं बांधलेली होती. झालं. चित्रामुळं शेळी सापडली म्हणून गावभर. त्यानंतर सरांच्या दारी माणसं यायला लागली. लग्न जमंल का, बोअरला पाणी लागंल का, पोरगा पास होईल का. सर हैराण झाले. "मला काढता येतं, दिसत न्हाई," असं ते प्रत्येकाला सांगायचे. लोकांना वाटायचं, विनय आहे.

शेवटचा भाग आम्ही उन्हाळा संपत आला तेव्हा चित्रित केला. शाळा नुकती उघडली होती. गोष्ट ठरलेली होती ती विहिरीतल्या सापाची. बिजलीराव झगा इस्त्री करून आले होते. सरांनी पट्टी बांधली, ब्रश उचलला. शकीलभाईंचा कॅमेरा सुरू. आधी काळी आडवी रेघ. ती विहिरीची वाटेना. मग खाली चौकोन, चौकोनात फळा. फळ्याच्या बाजूला खिडकी, खिडकीत कडुलिंबाची फांदी. मी ओळखलं. ती पाचवीची, भेगेची दगडी खोली होती, माझा पहिला तास तिथंच असायचा. मग सरांनी बाकं काढली, बाकांवर लहान लहान डोकी. आणि मग वरच्या रेघेचं एक टोक त्यांनी भिंतीतून सोडवलं, खाली आणलं, आणि फरशांचे चौकोन एकामागून एक त्या डोक्यांवर काढत गेले.

मी निवेदनाचा कागद खाली ठेवला. बिजलीराव पुढं आले आणि हळूच म्हणाले, "सर, आपलं तर सापाचं ठरल्तं ना? ह्यात मी काय करू? गर्डर धरू का?"

सरांनी पट्टी काढली. स्वतःचंच चित्र ते पहिल्यांदा बघत होते. हातातला ब्रश टपटपत होता.

"ह्या टायमाला बिजलीराव न्हाई," ते म्हणाले. "नुसतं चित्र दाखवायचं."

"सर, सोच लो," शकीलभाई म्हणाले. "ये मजाक नहीं दिखरा."

"मजाक न्हाईच हे. दाखवा."

त्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक टीव्हीवर ते चित्र होतं. आवाज नाही, संगीत नाही. पडद्यावर पाचवीची खोली, आणि बराच वेळ काहीच हलत नाही.

सकाळी मी पाचवीच्या वर्गावर गेले तर बाकं रिकामी. फाटकाशी आयाबापांची गर्दी. कुणी म्हणत होतं, मास्तरला दिसलंय. कुणी म्हणत होतं, मास्तरचं डोकं फिरलंय. अध्यक्षांनी सरांना ऑफिसात बोलावलं. निवेदन माझं म्हणून मलाही.

अध्यक्ष एरवी गोड बोलायचे, त्या दिवशी नाही. शाळेची बदनामी, लेकरांना भीती दाखवली, नोकरी घालवीन, सगळं झालं. आणि सर? सरांनी खिशातून पेन्सिल काढली होती आणि एक डोळा मिटून अध्यक्षांचं माप घेत होते. मी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. त्यांना कळलंसुद्धा नाही.

"मी काय म्हणतो ते ऐकू येतंय का?" अध्यक्ष ओरडले.

"बराबर ऐकून राह्यलो साहेब."

"केबलवर येऊन सांगायचं. चित्र खोटं आहे, खोली मजबूत आहे, उद्यापासून लेकरं पाठवा."

सरांनी पेन्सिल खिशात ठेवली. "सांगतो. पण त्या खोलीत बसून सांगतो, म्हंजे लोकायला पटंल. अन् तुम्ही बी शेजारी बसा. नुसतं माझ्यावर कोण इश्वास ठेवतंय?"

अध्यक्षांना ती कल्पना आवडली. एवढे लोक बघणार म्हटल्यावर ते जरा शांतही झाले. बाहेर आल्यावर मी म्हणाले, "सर, तुम्ही खरंच बसणार त्या गर्डरखाली?" ते म्हणाले, "लेकरं रोज बसतात बाई. मी एक दिवस बसलो तर काय होतंय."

ठरल्या दिवशी खोलीसमोर निम्मं गाव जमलं. वहिनीही आल्या होत्या, गर्दीच्या मागं, लिंबाला टेकून. सरांनी दोन खुर्च्या बरोबर गर्डरच्या मधोमध खाली ठेवल्या. एकीवर स्वतः बसले. शकीलभाई खांद्यावर कॅमेरा घेऊन तयार. अध्यक्ष कडक इस्त्रीत आले, सगळ्यांना नमस्कार करत करत उंबऱ्यापर्यंत पोचले आणि तिथं त्यांनी सहज वर बघितलं. गर्डरच्या खाचेत चिमणीचं घरटं होतं. माणसाची चाहूल लागून चिमणी भुर्रकन उडाली आणि चिमूटभर माती रिकाम्या खुर्चीवर पडली.

सर उठले. खिशातला रुमाल काढून त्यांनी ती खुर्ची पुसली. "या साहेब. बसा."

अध्यक्षांचा एक पाय उंबऱ्यावर होता. तो तिथंच राहिला.

"इथं उजेड कमी आहे," ते म्हणाले. "बाहेर घेऊ."

"नहीं साब," शकीलभाई कॅमेऱ्यातून म्हणाले, "उजाला बराबर है."

"मला धुळीचा त्रास होतो."

सगळे बघत होते. मग गर्दीतून एक बाई पुढं आली. शेतात मजुरीला जाणारी, पदर कमरेला खोचलेला. तिची मुलगी पाचवीत होती. ती ओरडली नाही, भांडली नाही. तिनं सरळ विचारलं, "साहेब, तुम्ही जिथं पाय टाकून न्हाई राह्यले, तिथं माझी पोर रोज बसत व्हती का?"

अध्यक्षांनी पाय मागं घेतला. घाम पुसला. कुणाकडं न बघता म्हणाले, "खोली आजपासून बंद." आणि गेले.

सर मात्र खुर्चीवर तसेच बसून होते. वहिनी गर्दीतून वाट काढत आत आल्या, त्यांचा हात धरला आणि त्यांना बाहेर घेऊन आल्या. बाहेर येताच सर लिंबाखाली मातीतच बसले.

पाचवीचा वर्ग दुसऱ्या दिवसापासून बुद्धविहारात भरायला लागला. विहार समितीच्या लोकांनी स्वतः येऊन किल्ली दिली होती, सतरंज्याही दिल्या. मुलं खूश होती, तिथं पंखा होता.

उंबऱ्यावर अडखळलेल्या अध्यक्षांची कॅसेट शकीलभाईंना कधी एकदा दाखवतो असं झालं होतं. सरांनी दाखवू दिली नाही. "माणूस घाबरला ते दाखवायचं न्हाई," म्हणाले. "घाबरला म्हणून तर खोली बंद झाली. न घाबरणारा असता तर आपण काय केलं असतं?" पुढं त्या कॅसेटवर आणि मालिकेच्या सगळ्याच कॅसेटांवर शकीलभाईंनी लग्नं चढवली. आज त्यातलं काहीही शिल्लक नाही.

दिवाळीच्या सुट्टीत त्या दोन्ही खोल्यांचं छत उतरवलं. ते आपणहून पडलं नाही. मजुरांनी घणानं पाडलं, आणि पाडायला चांगलेच दिवस लागले. अध्यक्षांना बोलायला जागा मिळाली. "एवढं मजबूत होतं, घणानं हलत नव्हतं. मास्तरच्या चित्रापायी शाळेला भुर्दंड," असं ते ज्याला त्याला सांगत. आणि गाव कसं असतं! ज्यांनी पोरं घरी ठेवली होती तेच चहाच्या टपरीवर सरांना विचारायला लागले, "काय सर, पडलं का छत?" सर मान हलवायचे, "न्हाई पडलं." "मंग चित्र खोटं निघालं म्हणा की." "बिलकुल खोटं," सर म्हणायचे आणि चहाचा घोट घ्यायचे.

दारी येणारी माणसं यायची बंद झाली. खोटं भविष्य सांगणाऱ्याकडं कोण जाणार? मालिकाही तिथंच थांबली. पीटीच्या सरांनी झगा धुवून वहिनींना परत दिला. छताच्या चित्राचं मांजरपाट वहिनींनी खळबळून धुतलं आणि उन्हाळ्यात त्यावर कुरडया वाळत घातल्या. डिस्टेंपर काही पूर्ण निघालं नव्हतं. पांढऱ्या कुरडयांच्या खाली फळ्याची काळी चौकट पुसट दिसायची.

एकदा, शाळा सुटल्यावर, जीपची वाट बघत उभे होतो तेव्हा मी त्यांना विचारलं, "सर, खरं सांगा. पडलं असतं का ते?"

त्यांनी चपलेच्या टोकानं मातीत एक आडवी रेघ ओढली. मग म्हणाले, "माहीत न्हाई बाई. रोज इचार करून राह्यलो. भेग खाली येत व्हती हे खरं. पण पडलं असतं का अजून वीस साल राह्यलं असतं, ते कुणाला ठाऊक? लेकरायला उगं भेव दाखवलं का मी, असं बी वाटतं." जीप आली. ते पुढं म्हणाले, "पण कळायचं म्हणलं तर लेकरं आत ठेवून वाट पाहावी लागली असती. त्यापेक्षा न कळलेलं बरं."

पुढच्या वर्षी संस्थेनं सरांची बदली केली, जांब समर्थच्या बाजूच्या शाळेवर. निरोप समारंभात अध्यक्षांनी त्यांच्या कलेचं कौतुक केलं. सर व्यासपीठावर बसून एक डोळा मिटून मंडपाचा खांब बघत होते. मला खात्री आहे, खांब वाकडा होता.

मग वर्षं गेली. माझीही बदली झाली. सर निवृत्त होऊन राजूरला, वहिनींच्या माहेरगावी गेले, तिथं त्यांनी गणपतीच्या देवळाच्या रस्त्यावर नारळ-फुलांचं छोटं दुकान टाकलं, एवढं कानावर होतं. भेट नव्हती.

दोन हजारच्या दशकाच्या शेवटाकडं माझ्या मुलीला एक परदेशी मालिका बघायचं वेड लागलं. हिंदीत बोलणारे गोरे लोक, कुणाकुणाला कसली कसली शक्ती. एके दिवशी मी भाजी निवडत होते आणि पडद्यावर एक चित्रकार मोठ्या कापडावर झपाटल्यासारखा रंग फासत होता. समुद्रावरचा एक मोठा पूल मधोमध मोडलेला, मोटारी खाली पडतायत. मुलगी म्हणाली, "आई, हा जे काढतो ते पुढं घडतं." माझ्या हातातली मेथी तशीच राहिली. त्याच रविवारी मी तिला घेऊन राजूरला गेले.

सर थकले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मला बघून त्यांनी तोच डोळा मिटला. "बाई, तुम्ही बारीक झाल्या. का मीच जाड पाहून राह्यलो?" वहिनींनी दुकान शेजारणीकडं सोपवलं, चहा ठेवला. मालिकेची वेळ झाली तशी मुलीनं त्यांच्या टीव्हीवर चॅनल शोधून दिलं.

सर टीव्हीच्या इतके जवळ बसले की आम्हाला त्यांच्या खांद्यावरूनच बघावं लागलं. चित्रकार दिसला, पुलाचं चित्र दिसलं. सर एकदम वळले. "अहो, हे तर आपलंच हाय! आपली कॅसेट नेली का काय कुणी तिकडं?" वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. मग ते पुन्हा वळून बघत राहिले. रंग फार जाड लावतो म्हणाले. पूल मात्र पाहून काढलाय म्हणाले. भाग संपला तो चित्रावरच.

"पुढच्या भागात कळेल पूल पडतो का," मुलगी म्हणाली. "पण मला माहितीये. इंटरनेटवर वाचलंय. सांगू?"

"नको," सर म्हणाले. "त्या पुलावर लोक जाऊन राह्यले का, तेवढं सांग."

"चित्र बघून हिरोनं रस्ता बंद केलाय आजोबा."

"मंग झालं की," ते म्हणाले आणि टीव्ही बंद करायला सांगितला.

निघताना ते आम्हाला बसस्टँडपर्यंत सोडायला आले. नको म्हटलं तरी आले. जालन्याची गाडी लागलेली होती. दारात खाकी कपड्यांतली एक तरुण कंडक्टर उभी होती, खांद्याला तिकिटांची पिशवी. ती गर्दीला पुढं सरका म्हणून ओरडत होती. सरांना बघून थांबली. निरखून बघितलं आणि एकदम वाकून नमस्कार केला.

"सर! ओळखलं का? मी पाचवीला होते तुमच्याकडं. ते छताचं चित्र काढलं होतं बघा तुम्ही! काय घाबरलो होतो आम्ही सगळ्या पोरी. माझी आई तर मला शाळेत पाठवायलाच तयार नव्हती." ती हसली, मोकळी, मोठ्यानं. "अन् शेवटी काय, काहीच तर झालं नाही!"

सर तिच्याकडं बघत होते. दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"काहीच न्हाई झालं," ते म्हणाले.

"उगाच घाबरवलं हो सर तुम्ही."

"हौ. उगंच."

"तुम्हालाही ओळखलं बाई. जालना ना? बसा लवकर," ती मला म्हणाली. पुन्हा एकदा सरांना हात केला, वर चढली आणि तिनं दोनदा घंटी ओढली. मी खिडकीत बसले आणि सरांना निरोप द्यायला हात बाहेर काढला. गाडी हलली. सर तिथंच उभे होते, हात हलवत, पण माझ्याकडं बघत नव्हते. मागच्या दाराकडं बघत होते, जिथं ती एका हातानं दांडा धरून कुणाला तरी आत ओढून घेत होती.